नाशिकमध्ये स्किन क्लिनिक निवडताय? घरून निघण्याआधी मोबाईलवर या गोष्टी तपासा

आजचा विषय नेहमीच्या अ‍ॅप आणि सेटिंग्जपेक्षा थोडा वेगळा आहे, पण काम सगळं मोबाईलवरच करायचंय. पिंपल्स, डाग, वांग, नको असलेले केस, केस गळणं, यांपैकी कशासाठी तरी शहरातल्या स्किन क्लिनिकमध्ये जायचा विचार करत असाल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

मी नांदगावचा. आमच्याकडून नाशिक शंभरहून जास्त किलोमीटर. मनमाड, चांदवड करत बसने जा नाहीतर रेल्वेने नाशिकरोडला उतरा, जाऊन-येऊन अख्खा दिवस जातोच. नाशिककर मुलगा काही बिघडलं तर संध्याकाळी गाडी काढून परत क्लिनिकमध्ये जाऊ शकतो. आपल्याला ते जमत नाही. म्हणून आपण निघायच्या आधीच तपासायला हवं.

मी ते केलं नव्हतं. २०२२ च्या मे महिन्यात इन्स्टाग्रामवरची जाहिरात बघून नाशिकच्या एका क्लिनिकमध्ये गेलो. सहा केमिकल पीलचं पॅकेज, नऊ हजार रुपये, पैसे आधीच. पांढरा कोट घातलेल्या मॅडमनी चेहऱ्यावर काहीतरी लावलं, पुसलं, 'झालं' म्हणाल्या. उन्हापासून जपा, सनस्क्रीन लावा, असं कुणी बोललं नाही. परत येताना बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती आणि मी त्यावर खूश होतो. तिसऱ्या दिवशी दोन्ही गालांची कातडी निघाली आणि खाली काळे पट्टे. फोन केला तर उत्तर, 'नॉर्मल आहे, पुढच्या सिटिंगला जाईल.' ते पट्टे जायला आठ महिने लागले, तेही दुसऱ्या डॉक्टरांकडे. नंतर पावती नीट बघितली तर तिच्यावर कुठल्याच डॉक्टरचं नाव नव्हतं.

यंदा आतेबहिणीचं लग्न ठरलं. तिने मोबाईल पुढे केला, 'दादा, हे बघ ना, ब्रायडल पॅकेज, फिफ्टी पर्सेंट ऑफ, फक्त दोन दिवस.' त्या रात्री आम्ही दोघांनी बसून जे तपासलं तेच खाली लिहितोय.

पाटीवर नाव कुणाचं आहे?

आपण क्लिनिकचं नाव शोधतो. खरं तर त्या नावाखाली काम करणाऱ्या माणसाचं नाव शोधायला पाहिजे. 'ग्लो', 'स्किन', 'एस्थेटिक' असे शब्द असलेली पाटी कुणीही लावू शकतो. महाराष्ट्रात खाटा असलेल्या रुग्णालयांना नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी लागते, पण खाटा नसलेल्या साध्या ओपीडी क्लिनिकला तशी वेगळी नोंदणी लागत नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलेला कागद बऱ्याचदा गुमास्ता असतो, म्हणजे शॉप अ‍ॅक्टचा. तो किराणा दुकानालाही मिळतो. त्यावरून तिथे डॉक्टर आहे की नाही हे कळत नाही.

त्वचारोगतज्ज्ञ कोण, तर एमबीबीएस झाल्यावर त्याच विषयात पुढे शिकलेला. नावापुढे एमडी (त्वचारोग), डीएनबी किंवा डीडीव्हीएल / डीव्हीडी असा डिप्लोमा असतो. एमडीच्या पदवीचं पूर्ण नाव डर्मेटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी अँड लेप्रसी. म्हणजे कातडीचे रोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. लेझर आणि पील हा या शिक्षणाचा छोटासा भाग आहे. बाकीचा भाग असतो तो हे ओळखण्याचा, की समोरचा काळा डाग नुसता डाग आहे की आणखी काही.

'कॉस्मेटॉलॉजिस्ट', 'स्किन एक्स्पर्ट', 'एस्थेटिक फिजिशियन' हे शब्द यात बसत नाहीत. मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत कॉस्मेटॉलॉजिस्ट नावाचा वेगळा विशेषज्ञ नसतो. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आहेत, त्यांत दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, त्या शाखेची पदवी नसेल तर डॉक्टरने स्वतःला विशेषज्ञ म्हणवून घ्यायचं नाही. दुसरी, नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि प्रत्येक चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर, पैशाच्या पावतीवर छापायचा. माझ्या त्या पावतीवर हेच नव्हतं.

बीडीएस म्हणजे दाताचे डॉक्टर, त्यांची नोंद महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत. बीएएमएसची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये, बीएचएमएसची होमिओपॅथी परिषदेत. हे सगळे आपापल्या शास्त्राचे डॉक्टर आहेत, कुणाला कमी लेखायचं कारण नाही. पण दारावर 'स्किन स्पेशालिस्ट' लिहिलेलं असलं आणि आत यांपैकी कुणी असलं, तर ते तुम्हाला आधी कळायला हवं.

नोंदणी क्रमांक मोबाईलवर कसा तपासायचा

क्लिनिकला फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप करून डॉक्टरचं पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर मागा. यात लाजण्यासारखं काही नाही. नियमाप्रमाणे तो भिंतीवर लावलेलाच असतो. महाराष्ट्रातले अलीकडचे नंबर वर्ष, महिना, क्रमांक अशा तीन तुकड्यांत असतात, मध्ये तिरप्या रेघा. जुन्या डॉक्टरांचे नंबर साधे, सलग आकडे असतात.

नंबर मिळाला की दोन ठिकाणी बघायचं. पहिलं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची वेबसाइट. २०२५ मध्ये कौन्सिलने 'नो युवर डॉक्टर' नावाची क्यूआर कोडची सोय आणली. डॉक्टरने आपला कोड दवाखान्यात लावायचा, आपण स्कॅन केला की नाव, पदवी आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं. इथे आपल्या नेहमीच्या वाचकांना माहीत असलेली काळजी घ्या. क्यूआर कोड कुणीही छापू शकतो. स्कॅन केल्यावर ब्राउझरमध्ये वर पत्ता बघा, पान कौन्सिलच्याच साइटवर उघडलंय का? शंका आली तर ते बंद करा, कौन्सिलची साइट स्वतः उघडा आणि नंबर तिथे टाका.

दुसरं ठिकाण नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवरचं इंडियन मेडिकल रजिस्टर. २०२० मध्ये जुनी मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया जाऊन हे कमिशन आलं. तिथे नाव, नंबर, राज्याची कौन्सिल, वर्ष यांवरून शोधता येतं. बाहेरच्या राज्यात शिकून इकडे आलेल्या डॉक्टरसाठी हे उपयोगी पडतं.

आता गोंधळ कुठे होतो ते सांगतो, कारण आमचाही झाला. नुसतं नाव टाकलं की एकाच नाव-आडनावाचे पाच-सहा डॉक्टर येतात. 'पाटील' टाकून बघा म्हणजे कळेल! म्हणून जुळवायचा तो नंबर. नंबर बरोबर आहे पण पदवीच्या रकान्यात फक्त एमबीबीएस दिसतंय, असंही होतं. कधी नंतरची पदवी चढवायची राहिलेली असते, कधी ती पदवीच नसते. अशा वेळी सरळ विचारा, 'एमडी कोणत्या कॉलेजमधून, कोणत्या साली? अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशनची नोंद आहे का?' खरा तज्ज्ञ सांगून टाकतो. आणि महाराष्ट्रात नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे मुदत संपली आहे का तेही बघून घ्या.

बहिणीने निवडलेली तीन क्लिनिकं आम्ही अशी तपासली. पहिल्याने 'नंबर इथे आल्यावर दाखवू' म्हटलं. दुसऱ्याने पाठवलेला नंबर दाताच्या डॉक्टरचा निघाला. तिसऱ्याचा जुळला. एवढ्याला वीस मिनिटं लागली.

केस लावून घ्यायचे असतील, म्हणजे हेअर ट्रान्सप्लांट, तर आणखी कडक राहा. ती शस्त्रक्रिया आहे. व्हिडिओ बघून किंवा एखादी कार्यशाळा करून ती करायला पुरेसं प्रशिक्षण मिळत नाही, असं कमिशनने २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलंय. पाटीवर नाव डॉक्टरचं आणि सुई टेक्निशियनच्या हातात, असा प्रकार या धंद्यात सर्रास चालतो.

रिव्ह्यू, रील आणि 'फक्त दोन दिवस'

गूगल मॅप्सवर ४.९ स्टार बघून भुलू नका. रिव्ह्यू उघडा, क्रम बदलून आधी नवीन आणि मग सर्वात कमी रेटिंगचे वाचा. एकाच आठवड्यात वीस-पंचवीस रिव्ह्यू आणि सगळ्यांत 'स्टाफ इज व्हेरी गुड', तर रिसेप्शनवरच्या मुलीने मोबाईल मागून लिहून घेतले असण्याची शक्यता बरीच. रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या नावावर टॅप करा. त्याच माणसाने त्याच दिवशी सुरतचं हॉटेल, इंदूरचा जिम आणि नाशिकचं क्लिनिक अशा तिघांना पाच स्टार दिले असतील तर समजून जा. खरा रिव्ह्यू बहुतेक लांब आणि थोडा कुरकुरता असतो. दोन तास बसवलं, पार्किंग नाही, पण डॉक्टरांनी नीट समजावलं. मला अशा रिव्ह्यूचा भरवसा जास्त वाटतो.

'आधी-नंतर'चे फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच चेहरा परदेशातल्या क्लिनिकच्या पानावर सापडला की विषय संपला. फोटो खरा असला तरी प्रकाश बघा. 'आधी'चा पिवळ्या उजेडात, 'नंतर'चा रिंग लाइटमध्ये, असं असेल तर फरक औषधाचा की दिव्याचा?

इन्स्टाग्राम प्रोफाइलवर वरच्या तीन टिंबांत 'या अकाउंटबद्दल' असा पर्याय असतो. अकाउंट कधी सुरू झालं, पूर्वी किती वेळा नाव बदललं, ते तिथे कळतं. आणि माझी आवडती युक्ती मेटा अ‍ॅड लायब्ररी. ब्राउझरमध्ये शोधा, भारत निवडा, क्लिनिकचं नाव टाका. सध्या चालू असलेल्या जाहिराती आणि त्या कधीपासून चालू आहेत ते दिसतं. बहिणीच्या 'फक्त दोन दिवस' वाल्या जाहिरातीला तेव्हा तिसरा महिना चालू होता. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

तसंही वरच्याच २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने जाहिरात करून पेशंट ओढणं गैर मानलं जातं. सवलतीचा जोर जितका मोठा, तितकं मला वाटतं की मागे डॉक्टर कमी आणि मार्केटिंगवाले जास्त असावेत.

फोनवर काय विचारायचं

नंबर जुळला तरी एक अडचण राहते. नाव एमडींचं, पण ते आठवड्यातून दोनदाच येतात आणि बाकीचे दिवस काम दुसरंच कुणी करतं. म्हणून हा मेसेज कॉपी करून ठेवा:

'नमस्कार, मी नांदगावहून येणार आहे. डॉक्टर स्वतः कोणत्या वारी, किती वाजता असतात? पहिल्या दिवशी तपासणी तेच करतात का? पील किंवा लेझर प्रत्यक्ष कोण करतं? तपासणीची फी किती? काही त्रास झाला तर कोणत्या नंबरवर डॉक्टरांशी बोलता येईल?'

शेवटचा प्रश्न लांबून येणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. 'पॅकेज घेतलं तर तपासणी फ्री' असं उत्तर आलं की मी तरी पुढे बोलत नाही. न तपासता ठरलेल्या पॅकेजला उपचार कसं म्हणायचं?

निघताना सध्या वापरत असलेल्या सगळ्या ट्यूब, गोळ्या, फेसवॉश पिशवीत घ्या. गेल्या वर्षीचे साधे फोटो मोबाईलमध्ये असतील तर शोधून ठेवा, पण ब्यूटी मोड बंद असताना काढलेले. आपल्या फोनचा कॅमेरा आपोआप चेहरा गुळगुळीत करतो आणि डॉक्टरला नेमकं तेच बघायचं असतं. सेल्फीवरून 'स्किन स्कोअर' देणारी अ‍ॅप्स मी चार-पाच वापरून पाहिली. त्यांतली बरीचशी शेवटी स्वतःचंच सीरम विकतात.

लेझरचं तंत्र थोडक्यात

लेझरचा प्रकाश त्वचेतला काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, शोषून घेतं आणि त्याची उष्णता होते. केसाच्या मुळाशी मेलॅनिन असतं, तिथे उष्णता झाली की मूळ दुबळं होतं. बाजूची कातडी न जाळता नेमकं लक्ष्य तापवायचं, ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ मध्ये मांडली. गोऱ्या माणसात हे सोपं आहे, कारण मेलॅनिन फक्त केसात. आपल्या सावळ्या कातडीत ते वरच्या थरातही भरपूर असतं. मशीन केस आणि कातडी दोन्ही तापवतं, आणि सेटिंग चुकलं की भाजतं.

त्यासाठी त्वचेचे सहा प्रकार करतात, फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरने १९७५ मध्ये सुरू केलेली पद्धत. आपल्याकडे बरेच जण चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. लेझरच्या तरंगलांबीचे आकडे लक्षात ठेवा: अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड साधारण ८०० ते ८१०, एनडी-याग १०६४. आकडा वाढतो तशी किरणं खोल जातात आणि वरच्या थरातला रंग त्यांना कमी शोषतो, म्हणून गडद त्वचेला लांब तरंग तुलनेने सुरक्षित. पार्लरमध्ये 'लेझर' म्हणून विकलं जाणारं बऱ्याचदा आयपीएल असतं. तो लेझर नाहीच, अनेक तरंगांचा एकत्र फ्लॅश आहे. सावळ्या त्वचेला त्याने भाजायचा धोका जास्त.

म्हणून विचारा, मशीन कोणतं, तरंगलांबी किती, आधी छोट्या जागेवर टेस्ट पॅच करणार का. नुकतंच ऊन लागून काळवंडलेल्या कातडीवर लेझर करू नये. कांदा काढणीतून उठून थेट लेझरला जाणाऱ्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं. पांढऱ्या केसांवर याचा उपयोग नाही, कारण तिथे रंगच नाही. हनुवटीवर राठ केस आणि पाळी अनियमित असेल तर आधी पीसीओएसची तपासणी, नाहीतर केस पुन्हा येतात आणि पॅकेजवर पॅकेज घ्यावं लागतं.

पीआरपी, म्हणजे स्वतःचंच रक्त फिरवून त्यातला भाग टोचणं, यात एकच गोष्ट बघा: सुई आणि ट्यूब तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघते का. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका स्पामध्ये असं फेशियल केलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली. स्पा २०१८ मध्ये बंद झाला आणि तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२४ मध्ये त्याचा अहवाल दिला.

क्लिनिकच्या आधी घरातली ट्यूब बघा

माझ्या मते खरं नुकसान इथे होतं. क्लिनिकमध्ये जायला पैसे लागतात, मेडिकलमधून ट्यूब घ्यायला पन्नास-शंभर रुपये. गजकर्ण झालं, ट्यूब. पिंपल आलं, तीच ट्यूब. मैत्रीण उजळ दिसायला लागली, तिचीच ट्यूब.

बहिणीच्या पर्समधली ट्यूब मी गूगल लेन्सखाली धरली. बारीक अक्षरं वाचली गेली आणि त्यात मोमेटासोन निघालं. हे स्टेरॉइड आहे. बेटामेथासोन आणि क्लोबेटासोल ही आणखी दोन नावं, क्लोबेटासोल त्यातलं फार जोरदार. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, पिंपल बसतात, सगळे विचारतात काय लावतेस. महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल रेषा दिसतात, गालावर केस वाढतात, उन्हात आग होते. आणि लावायचं थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून माणूस परत लावतो. गजकर्णावर लावलं तर खाज थांबते, बुरशी मात्र पसरत जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. ट्यूबवर लाल उभी रेघ आणि आरएक्स अशी खूण असेल तर ती चेहऱ्याला लावायची क्रीम म्हणून घेऊ नका. बरेच महिने लावत असाल तर मनाने एकदम बंदही करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवा. ते हळूहळू सोडवतात.

दुसरा प्रकार बिननावाच्या डब्यांचा, पार्लरमध्ये मिळणाऱ्या 'नाईट क्रीम'चा. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींची बातमी २०२३ मध्ये आली होती. एक आई आणि दोन मुली, तिघी एकच क्रीम वापरत होत्या आणि तिघींच्या किडनीला त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत प्रकरण गेलं आणि क्रीममध्ये पारा सापडला. पारा कातडीतला रंग तयार होणं रोखतो, म्हणून उजळपणा येतो. तो कातडीतून रक्तात आणि तिथून किडनीत जातो. केरळमधल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या किडनीच्या एका आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतले १५ एका विशिष्ट प्रकारचे होते आणि त्या १५ पैकी १३ जणांनी उजळवणारी क्रीम वापरत असल्याचं सांगितलं. हा अभ्यास २०२४ मध्ये 'किडनी इंटरनॅशनल'मध्ये आला.

भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार साध्या क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखात एक भाग याच्या वर चालत नाही. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर हवा. परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असेल तर पारा असण्याचा संशय घ्या. क्रीम वापरताना पायाला सूज आली किंवा लघवीला फार फेस येऊ लागला, तर स्किनचं सोडा, लघवीची तपासणी करून आधी फिजिशियनकडे जा.

क्लिनिकमध्ये मिळणारं गोरं होण्याचं ग्लुटाथिओन इंजेक्शनही याच यादीत धरा. रंग उजळण्यासाठी त्याला आपल्या देशात मान्यता नाही.

पैशाचं

'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे क्लिनिक तुम्हाला उधार देत नाही. तुमच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज निघतं. क्लिनिक बंद पडलं किंवा तुम्ही जायचं थांबवलं तरी हप्ता कापत राहतो आणि चुकला तर सिबिल खराब. रिसेप्शनवर कुणी 'ओटीपी सांगा' म्हटलं तर आधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा. डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने ते सक्तीचं केलंय. कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत दंड न भरता परत करायची सोयही असते, ती मुदत त्यात लिहिलेली असते.

सिटिंगमागे पैसे द्या. पॅकेज स्वस्त पडतं हे खरं, पण माझी चार सिटिंग अजून त्यांच्याकडेच आहेत. फॉर्मवर 'फोटो प्रसिद्धीसाठी वापरू' अशी ओळ असेल तर खोडून मगच सही करा.

आणि खासगी क्लिनिकच हवं असं कुठे आहे? मनमाड-चांदवडकडून नाशिकला येताना आडगावला डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेजचं रुग्णालय रस्त्यातच लागतं. शहरात त्र्यंबक नाक्याजवळ जिल्हा रुग्णालय आहे. मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत शिकवणारे तज्ज्ञ बसतात. रांग असते, ब्रायडल पॅकेज नसतं. पिंपल्स, गजकर्ण, वांग यांसाठी मी सुरुवात तिथूनच करायला सांगेन.

बिघडलं तर

त्याच दिवशी फोटो काढा, दिवसाउजेडी, फिल्टर न लावता. पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सगळं एका फोल्डरमध्ये. मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट घेतला नव्हता आणि त्यांनी ती पोस्ट काढून टाकली.

डॉक्टरच्या वागण्याबद्दल तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. डॉक्टरच नसेल तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, कारण नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं हा राज्याच्या १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. क्रीमबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे. पैशासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जायचं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. तक्रार ई-जागृती पोर्टलवर मोबाईलवरून भरता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. माझी दोन वर्षं विचार करण्यातच गेली.

बहिणीला तिसऱ्या क्लिनिकच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी ट्यूब बघितली, लग्नाची तारीख विचारली, एक गोळी लिहिण्याआधी गरोदरपणाबद्दल विचारलं (पिंपल्सवरची आयसोट्रेटिनॉइन त्या काळात बाळाला घातक असते), आणि म्हणाले, 'आत्ता पील नाही, लेझर नाही. आधी ही ट्यूब सोडवू.' तपासणीची फी आणि दोन मलमं, एवढाच खर्च. आत्याला ते पटलं नाही. 'एवढ्या लांब जाऊन काहीच केलं नाही?' असं ती दोनदा म्हणाली. पुढची तारीख सहा आठवड्यांनी आहे, मधलं बोलणं व्हिडिओ कॉलवर.